डाग

सराफ बाजारात डाग शब्दाला तीन अर्थ आहेत:
अंगावरचा दागिना,
दोन तुकड्यांमधला सांधा,
आणि धुऊन न जाणारं काहीही.
विश्वंभरमामा दंडगव्हाळ दिवसभर पहिले दोन करायचे.
तिसऱ्याबद्दल बोलायचे नाहीत.

ओझरच्या विमान कारखान्यातले कुणी टेंबेकर
रुमालात गुंडाळून एक कडं घेऊन आले.
बायकोचं, परदेशातून आणलेलं, एका बाजूने उकललेलं.
दोन पत्रे. वरच्यातून आरीने
नक्षी कापून काढलेली,
खालचा गंधकाने काळा.
म्हणजे डोळ्यांना दिसतं ते
जे उचलून बाजूला ठेवलं तेच.
पायऱ्यापायऱ्यांचा ढग होता, ढगाखाली उभ्या रेघा.

"होपी म्हणून लोक आहेत," टेंबेकर म्हणाले,
"कोरड्या पठारावर मका पेरतात."
मामांनी भिंग लावून रेघा मोजल्या.
"म्हणजे यांना पाणी बोलवावं लागतं.
आमच्याकडे न बोलावता दुकानात येतं."

आतल्या बाजूला एक ठसा होता,
मक्याच्या दाण्याच्या टोकाएवढा.
मी फुंकणी हातात घेतली तेव्हा
मामांनी त्यावर ओली माती थापली.
"घडवणाऱ्याचं नाव आहे ते.
तापायला नको."
मग सवागी, चांदीचा कण, निळी ज्योत,
आणि तो क्षण, जेव्हा कण वितळून
फटीत पळतो
बीळ सापडलेल्या उंदरासारखा.

मी म्हटलं, मामा, अशी नक्षी आपणही कापू,
मेन रोडवर उभ्या उभ्या खपेल.
त्यांनी चहा गार होऊ दिला.
मग बशीकडे बघत म्हणाले,
"दुसऱ्याचा पाऊस आपल्या नावावर पाडू नये."

त्याच ऑगस्टात गोदावरी
दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागली,
मग गळ्याला,
मग आमच्या उंबऱ्याला.
ऐरण जागची हलली नाही.
वही भिजली. टेंबेकरांच्या नंबरातले
शेवटचे चार आकडे शाईसकट गेले.
मामा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते,
बंडीच्या खिशावर हात दाबून. खिशात कडं.

टेंबेकर आले नाहीत.
मी ओझरला दोनदा जाऊन आले.
फाटकावरचा माणूस म्हणाला, बदली झाली,
बेंगळुरूला, की कोरापुटला, नक्की माहीत नाही.

मामांना जाऊन सहा वर्षं झाली.
कडं खालच्या कप्प्यात आहे.
वर्षातून एकदा वरचा पत्रा उजळते,
खालच्या काळ्याला हात लावत नाही.
एकदाच घालून पाहिलं, शटर ओढून घेतल्यावर.
सैल होतं.

चिंधाबाई झारेकरीण दर अमावस्येला
दुकानाची झाडलोट विकत नेते,
नदीवर परातीत धुते, हलवते, पुन्हा धुते.
मागच्या थंडीत तिने मुठीतून
सोन्याचा एक कण काढला, बाजरीएवढा.
"तुझ्याच उंबऱ्याच्या फटीतला.
मामांच्या वेळचा असंल."
असं म्हणून पूर्ण भाव लावला,
एक रुपया सोडला नाही.

तेव्हा मी दोन पत्रे घेतले.
ढग नाही, मका नाही.
आमच्या भिंतीवर राहिली आहे तशी
पुराची एकच आडवी रेघ,
थोडी वाकडी, कारण भिंतच वाकडी आहे.
रेघेच्या वर चांदी राहू दिली.
खालची सगळी कापून काढली. आरीची तीन पाती मोडली.
त्या काळ्यात, कमरेच्या उंचीवर,
तो कण डागला.

काचेत ठेवलं आहे.
गिऱ्हाइकं वाकून बघतात,
नखाने टोकरतात,
विचारतात, "हा पिवळा डाग कसला? घासून जाईल ना?"

मी वजन सांगते.